निळ्या पाटीवरची व्हीलचेअर: शौचालयाच्या फलकामागचा इतिहास

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या एसटी स्टँडवर, रेल्वे स्थानकात किंवा किनाऱ्यावरच्या शौचालयाबाहेर दिसणारं निळ्या-पांढऱ्या व्हीलचेअरचं चिन्ह १९६८ साली स्टॉकहोममध्ये तयार झालं. सुझान कोफोड या डॅनिश विद्यार्थिनीने नुसती खुर्ची काढली होती. तिच्यावर गोल डोकं नंतर कार्ल मोंटान यांनी बसवलं. १९६९मध्ये 'रिहॅबिलिटेशन इंटरनॅशनल' या अपंगांसाठी काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने ते स्वीकारलं.

चित्राचा प्रश्न तिथे मिटला. ते कुठे आणि कसं लावायचं, हे मात्र आपल्याकडे बरंच रेंगाळलं. १९९५च्या अपंग व्यक्ती कायद्यात व्हीलचेअरला सोयीच्या शौचालयांची तरतूद होती, पण 'आर्थिक कुवतीच्या मर्यादेत'. या सवलतीत बरंच काही राहून गेलं. २०१६मध्ये नवा कायदा आला. केंद्राच्या सुगम्यतेच्या मार्गदर्शक तत्त्वांनी मापंही दिली: पाटी दारावर नको, कडीच्या बाजूच्या भिंतीवर, १४०० ते १६०० मिमी उंचीवर, पुरुषांसाठी त्रिकोण, स्त्रियांसाठी वर्तुळ, सोबत उठावदार अक्षरं आणि ब्रेल. दारावर नको, कारण दार आत उघडलं की पाटी दिसेनाशी होते आणि बाहेर उघडणारं दार बोटांनी वाचत उभ्या असलेल्या माणसाच्या अंगावर आदळतं. तरीही ठेकेदार अजून दारच रंगवतात. तेच स्वस्त पडतं. नोव्हेंबर २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असे निकष केवळ शिफारस म्हणून न ठेवता सक्तीचे करायला सांगितलं.

किनाऱ्यावरची हवा कुठल्याच नियमावलीला जुमानत नाही. लोखंडी पत्रा तर गंजतोच, ३०४ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलवरही खाऱ्या वाऱ्याने तपकिरी ठिपके उठतात. ३१६ ग्रेडचं स्टील महाग, पण टिकतं. अ‍ॅल्युमिनियमच्या पाटीला स्टीलचे स्क्रू मारले तर भोकाभोवतीचं अ‍ॅल्युमिनियम झिजतं, म्हणून मध्ये नायलॉनचा वॉशर हवा. खडबडीत चिऱ्याच्या भिंतीवर दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप धरत नाही. प्लग ठोकून स्क्रूच लावावा.

शौचालयाची वाट दाखवणारी बाणाची पाटी बहुतेक ठिकाणी नसतेच. रॅम्प मागच्या बाजूला असेल तर ती पायऱ्यांच्या आधी, वाट फुटते तिथे हवी. पायऱ्यांशी येऊन मागे फिरायला लावणं म्हणजे छळच.

आणि गणपतीआधीची रंगरंगोटी! ब्रेलचा ठिपका जेमतेम ०.६ ते ०.९ मिमी उंच. ऑइलपेंटचे दोन हात त्यावरून फिरले की ठिपक्यांमधली जागा भरून येते आणि बोटांना काही लागत नाही. रंगाऱ्याला आधीच सांगून पाटी उतरवून ठेवावी, नाहीतर चिकटपट्टीने झाकावी.