स्पीड टेप आणि डक्ट टेप: रंग एक, काम वेगळं

गणपतीत चिपी किंवा मोपाच्या विमानतळावर उतरलेले चाकरमानी खिडकीतून काढलेले पंखाचे फोटो गावच्या ग्रुपवर टाकतात. एखाद्या फोटोत पंखावर चंदेरी पट्टी दिसली की हमखास कुणीतरी लिहितं, ‘ह्यां बघा, विमानाक सेलोटेप!’ दुसरा त्याला सुधारतो: सेलोटेप नव्हे, डक्ट टेप. दोघांचंही चुकतं. ती बहुतेक वेळा स्पीड टेप असते, आणि डक्ट टेपशी तिचं साम्य रंगापुरतंच आहे.

डक्ट टेप म्हणजे कापडाची जाळी, तिच्यावर पॉलिथिनचा थर आणि खाली रबरी गोंद. हार्डवेअरच्या कुठल्याही दुकानात ती मिळते, हाताने फाटते, पाइपापासून बॅगेच्या तुटलेल्या मुठीपर्यंत कशालाही चालते. १९७० साली अपोलो १३ च्या अंतराळवीरांनी हवा शुद्ध करणारे डबे जुगाडाने जोडले, तेव्हाही हीच टेप कामी आली. पण ते सगळं यानाच्या आत, जिथे वारा नव्हता.

स्पीड टेपमध्ये कापड नसतंच. कागदाइतपत पातळ ॲल्युमिनियमचा पत्रा आणि त्याला ॲक्रिलिक किंवा सिलिकॉनचा गोंद, एवढीच तिची रचना. फरक पडतो तो इथेच. मोपाच्या धावपट्टीवर मे महिन्यात उभं असलेलं विमान हात लावता येणार नाही इतकं तापतं आणि अर्ध्या तासात ३५ हजार फुटांवर उणे ५० अंशांच्या आसपासच्या हवेत, ताशी ८०० किलोमीटरच्या वर वेगाने जात असतं. रबरी गोंद उन्हात पातळ होतो, थंडीत कडक होऊन सुटतो. कापडाच्या धाग्यांतून पाणी आत शिरतं, पॉलिथिन उन्हाने कुजतं. ॲल्युमिनियमला ऊन लागत नाही, त्यातून पाणी झिरपत नाही, आणि खालचा पत्राही ॲल्युमिनियमचा असेल तर तापताना-निवताना दोन्ही साधारण सारखेच फुगतात-आकसतात. (एसीवाल्याकडची फॉईल टेप दिसायला आणखी जवळची असते. पण तिच्या गोंदाची या हवेसाठी परीक्षा झालेली नसते, म्हणून तीही बाद.)

लावण्याची पद्धतही पाहण्यासारखी आहे. जागा सॉल्व्हंटने पुसून कोरडी करतात. पट्टीचे कोपरे गोल कापतात, कारण टोकदार कोपरा वारा आधी उचलतो. मग घासून घासून खालची हवा काढतात. एकापेक्षा जास्त पट्ट्या असतील तर सुरुवात मागून होते आणि पुढची पट्टी मागचीवर चढते. कौलं शाकारताना आपण वळचणीपासून आढ्याकडे जातो, तसंच. फक्त इथे पावसाच्या जागी वारा.

एवढं करूनही ही टेप कशालाही बळ देत नाही, आणि लोकांची गफलत होते ती नेमकी इथे. पंखातली कमकुवत झालेली जागा टेपने धरून ठेवलीय असं प्रवाशाला वाटतं. तसं कुणी करत नाही, करूही देत नाही. जोडांवर फक्त वारा गुळगुळीत वाहावा म्हणून बसवलेल्या झाकणांची फट, सुटलेलं सीलंट (फटी बुजवणारं लुकण), उडालेला रंग, किरकोळ ओरखडा: तिची कामं अशी. पाणी आत जाऊ नये, कडा आणखी उचलली जाऊ नये, पक्की दुरुस्ती होईपर्यंत वेळ निघावा. किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेत उघड्या पत्र्याला गंज लवकर धरतो, म्हणून आपल्याकडे तर हे झाकणं जास्तच गरजेचं.

बोइंग ७८७ च्या पंखांवर अशा पट्ट्यांची रांगच दिसायची, त्यावरून बरीच चर्चा झाली. त्या विमानाचे पंख कार्बन फायबरचे. सूर्याच्या अतिनील किरणांमुळे त्यावरच्या रंगाची पकड सुटून पापुद्रे निघत होते. पंख धड होते. नव्याने रंग लागेपर्यंत उघडी पडलेली जागा उन्हापासून झाकायची, इतकाच त्या पट्ट्यांचा उपयोग.

विमानावर काही जागा अशा आहेत की तिथे ती अजिबात चालत नाही. नाकाच्या टोपणाआड हवामानाचा रडार असतो आणि धातूमधून रडारच्या लहरी पार होत नाहीत. आषाढात कोकणावर ढग दाटलेले असताना वैमानिकाला त्याच रडारचा आधार, तेव्हा तिथे ॲल्युमिनियम लावणं म्हणजे त्याचे डोळे बांधणं. हवेचा दाब मोजणाऱ्या बारीक छिद्रांवर तर कुठलीच टेप राहता कामा नये. २ ऑक्टोबर १९९६ ला एरोपेरूचं बोइंग ७५७ विमान लिमाहून सँटियागोला निघालं. विमान धुताना ही छिद्रं झाकायला लावलेली टेप काढायची राहून गेली होती. उंची आणि वेग दोन्ही चुकीचे दिसत राहिले, विमान रात्री समुद्रात कोसळलं आणि ७० जण गेले. ती दुरुस्तीची टेप नव्हती, पण टेप लावणं जितकं महत्त्वाचं तितकंच तिची नोंद ठेवणं, हे तिथे कळलं. अशा झाकणाला भडक रंग हवा असतो तो त्यासाठीच. चंदेरी पत्र्यावर चंदेरी टेप दिसत नाही.

स्पीड टेप कुठे, किती लावायची हे विमान बनवणाऱ्याच्या दुरुस्तीच्या पुस्तिकेवरून ठरतं. लावली की विमानाच्या लॉगबुकात नोंद, परवानाधारक इंजिनिअरची सही, पुन्हा कधी तपासायची आणि पक्की दुरुस्ती कधीपर्यंत करायची तेही. भारतात यावर डीजीसीएची, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची, देखरेख असते. डक्ट टेपला या पुस्तिकेत जागाच नाही.

खिडकीतून बघताना एक खूण लक्षात ठेवा. चंदेरी तुकड्याच्या कडेने रिव्हेटांची ओळ असेल तर ती टेप नव्हे, पत्र्याचं कायमचं ठिगळ आहे. रिव्हेट नसतील तर बहुधा टेप. आणि तिची कडा फडफडताना दिसली तर आधी केबिन क्रूला सांगा, फोटो नंतर.