पेट सिटिंगचा व्यवसाय सुरू करताना: महाराष्ट्रात कोणती नोंदणी, कोणते कागद

अर्ज भरायला बसण्याआधी एक गोष्ट पक्की करा. मालक गावाला गेल्यावर तुम्ही त्यांच्या घरी जाऊन कुत्र्या-मांजराचं पाहणार, की प्राणी तुमच्याकडे मुक्कामाला येणार? पुढचे सगळे कागद यावर ठरतात. पहिल्या प्रकारात मुख्य काम दोन ऑनलाइन अर्जांत उरकतं. दुसऱ्यात कुत्रे ठेवणार असाल, तर केंद्र सरकारचे २०१७चे श्वानपैदास नियम आडवे येतात. आपण काही पिल्लं विकत नाही, असं म्हणून बरेच जण ते वाचतच नाहीत. पण त्या नियमांनी बोर्डिंग केनेल, म्हणजे पैसे घेऊन कुत्रे मुक्कामाला ठेवण्याची जागा, चालवणाऱ्यालाही ब्रीडरमध्येच (पैदास करणाऱ्यांतच) धरलं आहे. म्हणजे राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे अर्ज आला आणि जागेची तपासणीही आली. नवख्याने मालकाच्या घरी जाऊनच सुरुवात करावी, असं आमचं स्पष्ट मत आहे.

पात्रतेच्या अटी मोजक्याच. वय १८ पूर्ण हवं, पॅन हवं आणि आधारला चालू मोबाइल नंबर जोडलेला हवा. पदवी किंवा प्रमाणपत्र लागत नाही. मात्र भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा, १९८४ प्रमाणे उपचार करण्याचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यकालाच आहे. डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी वेळेवर द्या. जुलाब लागले म्हणून स्वतःच्या मनाने औषध कधीही देऊ नका. माणसाला चालणारी साधी पॅरासिटामॉल मांजराच्या जिवावर उठते.

पहिला अर्ज शॉप ॲक्टचा. महाराष्ट्रात यासाठी २०१७चा दुकाने व आस्थापना कायदा लागू आहे. एकट्याने किंवा दोन-चार मदतनीस घेऊन काम करणाऱ्याला पूर्ण नोंदणी लागत नाही, फक्त व्यवसाय सुरू केल्याची सूचना द्यायची असते. बोलीभाषेत हेच ‘शॉप ॲक्ट इंटिमेशन’ आणि त्याचा नमुना म्हणजे फॉर्म एफ. सुरुवात केल्यापासून ६० दिवसांच्या आत तो ‘आपले सरकार’वरून भरायचा. आधार, पॅन, फोटो, सही, जागेचा पुरावा (वीजबिल किंवा भाडेकरार) आणि मराठी पाटीसह जागेचा फोटो स्कॅन करून ठेवा. अर्ज बहुतेक वेळा या पाटीपाशीच अडतो. २०२२च्या दुरुस्तीपासून कामगार कितीही असोत, नामफलक मराठीत, देवनागरीत असणं बंधनकारक आहे आणि दुसऱ्या भाषेतली अक्षरं मराठीपेक्षा मोठी चालत नाहीत. घरून काम करत असाल तर दारावर छोटी पाटी लावा आणि दार व पाटी दोन्ही नीट दिसतील असा फोटो काढा.

दुसरा अर्ज उद्यम नोंदणीचा, म्हणजे केंद्र सरकारकडे सूक्ष्म-लघु उद्योग म्हणून नाव नोंदवण्याचा. ही नोंदणी १ जुलै २०२०पासून सुरू आहे, पूर्णपणे मोफत आहे आणि तिला एकही कागद जोडावा लागत नाही. नावात ‘उद्यम’ असलेल्या आणि हजार-दोन हजार रुपये मागणाऱ्या खासगी साइट्स शोधात वर दिसतात. पत्त्याच्या शेवटी ‘डॉट गव्ह डॉट इन’ नसेल तर तिथे आधार क्रमांक टाकू नका. व्यवसायाचा कोड विचारला की सेवा निवडून ९६०९ हा गट शोधा, इतर वैयक्तिक सेवा त्यात येतात. आधार आणि पॅनवरचं नाव जुळत नसेल तर पडताळणी तिथेच थांबते. लग्नानंतर एकाच कागदावर नाव बदललेल्या महिलांना याचा फार त्रास होतो, म्हणून आधी ती दुरुस्ती करून घ्या. चालू खातं उघडताना बँका साधारणपणे हे दोन्ही कागद मागतात. दोन्हींवर पत्ता अक्षरशः एकच ठेवा.

सेवेची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या वर जाईपर्यंत सर्वसाधारणपणे जीएसटी नोंदणीची गरज नसते. पशुवैद्यकीय दवाखान्याला असलेली जीएसटीची सूट मात्र तुम्हाला मिळत नाही. व्यवसाय कराचं वेगळं पाहावं लागतं. त्याची कमाल मर्यादा वर्षाला २५०० रुपये आहे. तुम्हाला तो कसा लागू होतो हे करसल्लागाराला सुरुवातीलाच विचारा, कारण थकला की दंड-व्याज चढतं.

सोसायटीत राहत असाल तर एक गैरसमज काढून टाका. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे सोसायटीला पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही. पण हे संरक्षण रहिवाशाच्या स्वतःच्या प्राण्याला आहे. फ्लॅटमध्ये पैसे घेऊन इतरांचे कुत्रे ठेवणं हा व्यवसाय झाला. त्यासाठी सोसायटीची लेखी संमती घ्या, नाहीतर पहिल्याच भुंकण्यावर तक्रार येते.

आता ग्राहकाकडून घ्यायचे कागद, आणि आमच्या लेखी सर्वात मोलाचे हेच. लसीकरण पुस्तिका स्वतः उघडून पाहा. रेबीजच्या लशीपुढे तारीख, पुढच्या डोसची तारीख, लशीच्या बाटलीवरचं स्टिकर आणि डॉक्टरांची सही-शिक्का हवा. नुसतं ‘दिली आहे’ यावर विसंबू नका. महापालिकेचा श्वान परवाना असेल तर त्याची प्रत, नेहमीच्या डॉक्टरांचा फोन आणि मालक नसताना निर्णय घेऊ शकेल अशा एका माणसाचा नंबर घ्या. संमतीपत्रात उपचारांना परवानगी आणि खर्चाची मर्यादा लिहून घ्या, उदाहरणार्थ ‘५,००० रुपयांपर्यंत न विचारता’. मालक विमानात आणि जनावर सलाइनवर, अशा वेळी हीच एक ओळ कामी येते. नेहमीच्या ग्राहकाशी वर्षाचा एकच करार ५०० रुपयांच्या मुद्रांकावर करा, म्हणजे दर वेळी खर्च नको. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६०च्या कलम ३ प्रमाणे प्राण्याच्या देखभालीची जबाबदारी तो ज्याच्या ताब्यात आहे त्याच्यावरही असते. मालक परत येईपर्यंत ते तुम्ही असता.

चावीसह घर ताब्यात घेणार म्हटल्यावर पोलिसांचं चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र काढून ठेवणं बरं. त्याचा अर्जही ऑनलाइन होतो. मदतनीस ठेवलात तर त्याचंही काढा.

देशी पोपट किंवा स्टार कासव सांभाळायची विनंती आली तर नकार द्या. वन्यजीव संरक्षण कायद्याखाली ते पाळणंच गुन्हा आहे आणि तपासणीत ते तुमच्या ताब्यात सापडतील. मकाव, आफ्रिकन ग्रे अशा परदेशी पक्ष्यांसाठी मालकाने २०२४च्या नियमांनुसार केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या ‘परिवेश’ पोर्टलवर केलेल्या नोंदणीची प्रत मागा, आणि ती हाती आल्यावरच तारीख द्या.