ओपनऑफिस की लिबरऑफिस: कोड एक, संसार दोन

पत्रं लिहायला, हिशेबाचे तक्ते करायला मोफत सॉफ्टवेअर हवं असलं की दोन नावं कानावर येतात: ओपनऑफिस आणि लिबरऑफिस. दोन्हींचा कोड, म्हणजे प्रोग्रामरने लिहिलेला मूळ मजकूर, कोणालाही पाहायला नि बदलायला खुला, दोन्ही फुकट, दिसायलाही बरीच सारखी. म्हणून ‘कुठलंही घ्या, एकच आहे’ असं सर्रास सांगितलं जातं. ते एक नाही. फरक मात्र मेन्यूत शोधून सापडणार नाही. तो ते चालवणाऱ्या माणसांत आहे.

मूळ एकच. स्टारऑफिस हे सॉफ्टवेअर बनवणारी जर्मन कंपनी सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकी संगणक कंपनीने १९९९ मध्ये विकत घेतली आणि २००० मध्ये ओपनऑफिस डॉट ऑर्ग या नावाने कोड खुला केला. जगभरातून माणसं जमली. कोणी कोड लिहिला, कोणी चुका शोधल्या, कोणी आपापल्या भाषेत भाषांतर केलं. पण कोड द्यायचा तर आधी करारावर सही करून त्याच्या कॉपीराइटमध्ये सनला भागीदार करावं लागे. निर्णयांवरही सनचाच वरचष्मा होता. स्वतंत्र संस्था उभारण्याचं आश्वासन सुरुवातीलाच दिलं होतं. दहा वर्षं ते कागदावरच राहिलं. भाड्याच्या घरात कितीही वर्षं राहा, सोसायटीच्या सभेत मत नसतं, तशी या स्वयंसेवकांची गत होती.

जानेवारी २०१० मध्ये ओरॅकल या बड्या सॉफ्टवेअर कंपनीने सनचा ताबा घेतला आणि धास्ती वाढली. २८ सप्टेंबर २०१० रोजी प्रकल्पातल्या जुन्याजाणत्यांनी ‘द डॉक्युमेंट फाउंडेशन’ची घोषणा केली. खुल्या परवान्यामुळे, म्हणजे कोड वापरण्याच्या अटींमुळे, कोड सोबत नेता आला. नाव मात्र ओरॅकलकडेच राहिलं, म्हणून हे झालं लिबरऑफिस. जर्मन कायद्यानुसार प्रतिष्ठान नोंदवायला भांडवल लागतं. २०११ च्या फेब्रुवारीत लोकांनी अवघ्या आठ दिवसांत ५०,००० युरो जमवून दिले.

पण पैशांपेक्षाही मला महत्त्वाचं वाटतं ते नव्या माणसाला आत घेण्याचं त्यांचं काम. कॉपीराइटमध्ये कोणाला भागीदार करण्याची अट गेली. लिहिणाऱ्याचा हक्क लिहिणाऱ्याकडेच. ‘इझी हॅक्स’ नावाची सोप्या कामांची यादी उघडली. स्टारऑफिसच्या काळापासून कोडमध्ये जर्मन भाषेतल्या टिपा पडून होत्या. त्या इंग्रजीत आणणं हे त्यातलंच एक काम. वापरात नसलेला कोड काढून टाकणं हे दुसरं. कामं किरकोळ दिसतात, पण ती करता करता माणूस कोड ओळखायला लागतो आणि पुढच्या वेळी अवघड दुरुस्तीला हात घालतो. सातत्याने काम करणाऱ्याला सदस्यत्व मिळतं आणि सदस्य संचालक मंडळ निवडतात. मंडळात एकाच कंपनीची गर्दी होऊ नये म्हणून मर्यादा घातलेली आहे. कोलॅबोरासारख्या कंपन्या पगारी प्रोग्रामर लावतात, नवी आवृत्ती साधारण सहा महिन्यांनी येते. भांडणंही होतात. २०२० मध्ये चाचणी आवृत्तीवर ‘पर्सनल एडिशन’ अशी पाटी लागली तेव्हा एवढा विरोध झाला की ती काढावी लागली. ज्याला मत आहे तोच असा भांडतो.

ओपनऑफिसचं काय झालं? ओरॅकलने जून २०११ मध्ये ते अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशनला दिलं. अपाची ही समुदायाला कोडपेक्षा वर मानणारी नावाजलेली संस्था, म्हणजे घर चांगलंच मिळालं. पण तोवर माणसं निघून गेली होती. आयबीएमच्या कर्मचाऱ्यांचा मोठा आधार होता, तोही पुढे ओसरला. २०१५ मध्ये कोरियन दस्तऐवज उघडण्याच्या भागात सुरक्षेची एक त्रुटी सापडली. लिबरऑफिसची दुरुस्त आवृत्ती एप्रिलमध्ये आली, ओपनऑफिसची ऑक्टोबरमध्ये. सप्टेंबर २०१६ मध्ये हात कमी पडतात म्हणून प्रकल्प बंद करावा का, ही चर्चा खुद्द प्रकल्पप्रमुखांनी सुरू केली. तो बंद झाला नाही, मोजके लोक निष्ठेने सांभाळत राहिले. पण २०१४ मध्ये सुरू झालेल्या ४.१ मालिकेच्या पुढे काही गाडी गेली नाही.

परवान्यांची तफावतही इथे आड येते. ओपनऑफिसचा कोड लिबरऑफिसला घेता येतो, उलट दिशेने नाही.

तेव्हा संगणकावर ओपनऑफिस असेल तर बेलाशक लिबरऑफिस घाला. ओपनऑफिसमध्ये केलेल्या ओडीटी (पत्रं, लेख) आणि ओडीएस (तक्ते) फायली जशाच्या तशा उघडतात. लिबरऑफिस मराठीतही वापरता येतं, आणि त्यातले मराठी शब्द खटकले तर ते सुधारायला प्रोग्रामिंग यावं लागत नाही. भाषांतराचं काम वेबलेट या भाषांतराच्या साधनावर, ब्राउझरमध्येच चालतं.