'फ्लॅटन'चं 'फ्लॅट' का झालं?

"काही काढलेलं नाही, फक्त नवीन घातलंय. मग जुनं मोडेल कसं?" फ्रेमवर्क, म्हणजे वेबसाइटचा तयार सांगाडा, अपग्रेड करताना हे वाक्य हमखास कानावर येतं. मीही ते छातीठोकपणे म्हटलेलं आहे. 2018 साली याच समजुतीचा पुरता निकाल लागला.

यादीच्या (ॲरेच्या) पोटात यादी असेल तर ती उलगडून सपाट करायची सोय वेबपानं चालवणाऱ्या जावास्क्रिप्ट भाषेत यायची होती. नाव ठरलं 'फ्लॅटन'. फायरफॉक्स ब्राउझरच्या चाचणी आवृत्तीत ती घातली आणि एक धडधाकट वेबसाइट मोडली. त्या साइटवर मूटूल्स ही एके काळची लोकप्रिय लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, होती आणि तिची स्वतःची 'फ्लॅटन' आधीपासूनच होती. वाटेल, दोघी एकमेकींवर आदळल्या. तसं नाही. मूटूल्स काही न विचारता ब्राउझरच्या फ्लॅटनवर आपली चढवते. म्हणजे चालायची तिचीच. मग बिघडलं कुठे?

जावास्क्रिप्टमधल्या प्रत्येक प्रॉपर्टीला नाव आणि व्हॅल्यू यांखेरीज काही छुप्या खुणा असतात. त्यातली एक म्हणजे, हजेरीत हिचं नाव पुकारायचं की नाही. 'सॉर्ट'सारखी भाषेची स्वतःची फंक्शन्स वर्गात बसलेली असतात, पण त्यांचं नाव पुकारलं जात नाही. आपण साध्या बरोबरच्या (=) चिन्हाने नवीन काही जोडलं तर ते पुकारलं जातं. आणि आधीच असलेल्या नावावर नवी व्हॅल्यू चढवली तर? खूण जुनीच राहते! मूटूल्स पुढे 'फॉर-इन' लूपने हजेरी घेते आणि ॲरेची जी जी फंक्शन्स 'हजर' म्हणतील ती आपल्या 'एलिमेंट्स' (पानावरच्या घटकांची यादी) या प्रकारावर उतरवून घेते. ब्राउझरकडे फ्लॅटन नव्हती तोवर मूटूल्सची फ्लॅटन नवी होती, म्हणून हजेरीत होती. ब्राउझरने स्वतःची आणल्यावर मूटूल्सची तिच्या जागी बसली, पण 'पुकारू नये' ही खूण घेऊनच. ती उतरवली गेली नाही आणि एलिमेंट्सवर फ्लॅटन शोधणारा कोड तोंडघशी पडला.

ब्राउझरने आपली फ्लॅटन हजेरीत घ्यावी, तर ॲरेवर फॉर-इन फिरवणाऱ्या साऱ्या साइट्सना एक फेरा जास्त. मूटूल्स दुरुस्त करावी, तर वर्षानुवर्षं कुणी हात न लावलेल्या साइट्सवर नवी प्रत घालणार कोण? शेवटी नाव बदलून 'फ्लॅट' केलं आणि भाषेच्या 2019च्या मानकात तेच आलं. त्याआधी 'कंटेन्स' या दुसऱ्या फंक्शनचं 'इन्क्लूड्स' झालं, तेही मूटूल्सपायीच.

जुनी नावं शोधून नवी घालणारी साधनं आहेत, चांगली आहेत. पण "एका आदेशात अपग्रेड" म्हणणाऱ्यांना ही खूण कोडच्या ओळीत दिसणारच नाही. आणि काही बिघडलं की "कॅशे (ब्राउझरने साठवलेल्या जुन्या प्रती) साफ करून बघा" हा तर आमच्या धंद्यातला अंगारा.

त्यातल्या त्यात शहाणी वाट जेक्वेरी या दुसऱ्या लोकप्रिय लायब्ररीने दाखवली. 2013मध्ये 1.9 आवृत्तीतून 'लाइव्ह' वगैरे फंक्शन्स काढली आणि सोबत 'मायग्रेट' हा प्लगइन दिला. तो काढलेलं तात्पुरतं परत आणतो आणि कोणती जुनी गोष्ट वापरली जातेय ते ब्राउझरच्या कन्सोलमध्ये, म्हणजे प्रोग्रामरसाठीच्या संदेशांच्या खिडकीत, सांगतो. त्याची आटवलेली, 'मिन' प्रत मात्र हे इशारे देत नाही. एका प्रोजेक्टवर मी विचारलं, इशारे किती उरले? "शून्य," उत्तर आलं. फाइलचं नाव बघितलं. शेवटी 'मिन' होतं.