पार्श्वभूमी : दिव्यांगांसाठी घरात बदल करण्याचा खर्च आणि ब्रिटनमधला कायदा

ब्रिटनमधल्या जुन्या, एकमेकांना खेटून बांधलेल्या दुमजली घरांत झोपायची खोली आणि बाथरूम बहुतेकदा वर, बैठकीची खोली आणि स्वयंपाकघर खाली. मधला जिना अरुंद. घरात कुणाला पक्षाघात झाला की पलंग खाली येतो, शेजारी कमोडची खुर्ची लागते आणि आंघोळ म्हणजे बैठकीच्या खोलीत ओल्या फडक्याने अंग पुसून घेणे. दार वाजले की आधी पांघरूण ओढायचे. वर्षानुवर्षे असे काढलेली माणसे आहेत. सरकारी पैशातून घरात बदल करून देण्याचा विषय मुळात या पलंगाशी निगडित आहे.

१९६९ मध्ये मँचेस्टरचे मजूर पक्षाचे खासदार आल्फ मॉरिस यांना खासगी विधेयक मांडण्याची संधी सोडतीत मिळाली. पहिल्या महायुद्धात जायबंदी झालेल्या वडिलांचे हाल त्यांनी लहानपणी पाहिले होते. त्यांच्या विधेयकाचा कायदा झाला २९ मे १९७० रोजी, निवडणुकीसाठी संसद विसर्जित होण्याच्या अगदी तोंडावर. दिव्यांग माणसाच्या घरात सुरक्षिततेसाठी व सोयीसाठी बदल करायला मदत करणे हे त्यातल्या दुसऱ्या कलमाने स्थानिक प्रशासनाचे कर्तव्य ठरवले. कर्तव्य कायद्यात आले, त्याच्या तोडीचा निधी मात्र आला नाही. १९७४ च्या गृहनिर्माण कायद्याने घरदुरुस्तीच्या अनुदानात दिव्यांगांसाठीचे बदल धरले, तेव्हा कुठे थोडी वाट झाली.

त्याच काळात दिव्यांग माणसे स्वतः बोलू लागली होती. हॅम्पशायरमधल्या ‘ल कोर्ट’ या निवासी संस्थेत राहिलेल्या पॉल हंट यांनी १९७२ मध्ये ‘गार्डियन’ दैनिकाला पत्र लिहून समदुःखी लोकांना एकत्र येण्याचे आवाहन केले. त्यातून उभ्या राहिलेल्या संघटनेचे म्हणणे असे की शरीरातली कमतरता वेगळी आणि समाजाने वाटेत उभे केलेले अडथळे वेगळे. माणसाला ‘अपंग’ करतात ते हे अडथळे. हा विचार घराला लावून पाहा. पाय चालत नाहीत ही एक गोष्ट, आणि संडास जिन्याच्या वर आहे ही दुसरी. दुसरी गवंड्याला दुरुस्त करता येते. मला या सगळ्या इतिहासातली सगळ्यात मोठी गोष्ट ही वाटते, कारण त्यानंतर अनुदान हे दयेचे दान राहिले नाही.

१९८९ च्या कायद्याने ‘डिसेबल्ड फॅसिलिटीज ग्रँट’ (दिव्यांगांच्या सोयींसाठीचे अनुदान) नावाचे स्वतंत्र अनुदान आणले आणि १९९० पासून ते सुरू झाले. १९९६ च्या कायद्याने आज इंग्लंडमध्ये चालते ती घडी बसवली. घरात ये-जा करता यावी, झोपायच्या खोलीपर्यंत, संडासापर्यंत, शॉवरपर्यंत पोहोचता यावे, स्वयंपाक करता यावा, दिव्याची बटणे हाताशी असावीत, अशा कामांसाठी पात्र माणसाला अनुदान द्यावेच लागते. टबच्या जागी जमिनीलगतचा शॉवर, उंबरठ्याजागी उतार, जिन्याच्या कडेने सरकणारी खुर्ची ही त्यातली नेहमीची कामे.

पण मंजुरीला दोन कसोट्या आहेत. काम त्या माणसाच्या गरजेला ‘आवश्यक आणि योग्य’ आहे का, आणि त्या घराचे वय व अवस्था पाहता ते ‘वाजवी आणि शक्य’ आहे का. पहिलीसाठी बहुधा समाजसेवा खात्याचा ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे रोजची कामे माणसाला कशी जमतील हे पाहणारा तज्ज्ञ, घरी येऊन पाहणी करतो. दुसरी गृहनिर्माण खाते ठरवते. जिथे जिल्हा आणि त्याच्या वरची काउंटी अशी दुहेरी रचना आहे तिथे समाजसेवा खाते काउंटीकडे आणि घरांचा कारभार जिल्ह्याकडे, म्हणजे एका शॉवरसाठी दोन वेगळी प्रशासने. पूर्ण अर्ज हाती आल्यावर सहा महिन्यांत निर्णय देणे कायद्याने बंधनकारक आहे. पाहणीसाठी ताटकळण्यात गेलेले महिने त्यात धरले जात नाहीत.

त्यावर उत्पन्नाची अट. अर्जदार आणि जोडीदार यांची मिळकत व बचत पाहिली जाते, घरकर्जाचा प्रत्यक्ष हप्ता मात्र हिशेबात येत नाही. दिव्यांग मुलांच्या आईवडिलांनाही हीच अट होती. ती इंग्लंडमध्ये २००५ च्या अखेरीस उठली, आणि ते फार उशिरा झाले.

पैसा पुढे वाढला हे मान्य करायलाच हवे. २०१५-१६ मध्ये इंग्लंडसाठी केंद्राची तरतूद २२ कोटी पौंड होती, २०१९-२० मध्ये ५०.५ कोटी झाली. एका अनुदानाची कमाल मर्यादा मात्र २००८ मध्ये ३०,००० पौंडांवर आली ती तिथेच राहिली. २०१८ च्या स्वतंत्र आढाव्याने ती महागाईप्रमाणे वाढवावी असे सुचवले होते. शॉवरला ही रक्कम सहसा पुरते. चाकाच्या खुर्चीतल्या वाढत्या मुलासाठी तळमजल्यावर खोली आणि बाथरूम बांधायचे म्हटले की पुरत नाही. २००२ पासून स्थानिक प्रशासनाला आपल्या धोरणानुसार जादा मदत देण्याची मुभा आहे, सक्ती नाही. त्यामुळे एका हद्दीत खोली उभी राहते आणि शेजारच्या हद्दीत मुलाचा बाप त्याला उचलून जिना चढत राहतो.