ढोल, ड्रोन आणि घुमारा: अँबियंट ट्रॅक मिक्सिंगला पाठवण्याआधी

ट्रायबल ठेक्यांच्या अँबियंट (वातावरण उभं करणाऱ्या) संगीतात मिक्सिंगचा, म्हणजे सगळे आवाज एकत्र जुळवण्याचा, बराचसा वेळ एकाच भांडणात जातो. मोठ्या ढोलाची थाप आणि खाली अखंड चालणारा ड्रोन (एकच लांब धरलेला सूर), दोघांचाही जोर साधारण 40 ते 120 हर्ट्झमध्ये असतो. ड्रोन थांबत नाही, म्हणून थाप त्यात बुडते. मग ढोलाचा फेडर (आवाजाची पट्टी) चढतो, मास्टर (सगळ्या आवाजांची एकत्र वाहिनी) लाल होतो आणि थाप तरीही कळत नाही.

आधी ढोलाचा सूर तपासा. ड्रोन 55 हर्ट्झवर आणि ढोलाचा घुमारा 58 वर असेल, तर सेकंदाला तीन हेलकावे येतात. ते कोणत्याही ईक्यूने (ठरावीक फ्रिक्वेन्सी कमी-जास्त करून) जात नाहीत. ढोलाच्या सॅम्पलचा (ध्वनिमुद्रित तुकड्याचा) पिच उतरवून ड्रोनशी जुळवावा लागतो. त्यानंतर साइडचेन (एका आवाजाने दुसरा आपोआप दाबण्याची सोय) लावा: थापेसरशी ड्रोन 2-3 डीबी खाली बसेल इतकाच, रिलीज (पुन्हा वर येण्याचा वेळ) 150 ते 300 मिलीसेकंद. जास्त दाबलात तर ड्रोन धापा टाकू लागतो आणि ठेका डान्स ट्रॅकसारखा वाटतो.

दुसरा दोषी रिव्हर्ब, म्हणजे आवाजाला जोडलेला जागेचा घुमारा. 80 बीपीएमला (मिनिटाला 80 मात्रा) एक मात्रा 750 मिलीसेकंदांची. 8 सेकंदांचा रिव्हर्ब ठेवला आणि प्रत्येक मात्रेवर थाप असली, तर एका वेळी दहा-अकरा थापांचा घुमारा साचलेला असतो. सिनेमासारखी भव्यता हवी असते ती याच घुमाऱ्यातून, त्यामुळे तो कापू नका. त्याच्या रिटर्नवर (रिव्हर्बच्या वेगळ्या वाहिनीवर) 200 हर्ट्झखालचा भाग काढा आणि 40-60 मिलीसेकंद प्री-डिले (थापेनंतर घुमारा सुरू होईपर्यंतची फट) द्या. थाप पुढे राहते, जागा मागे पसरते.

म्हणूनच ढोल कोरडे पाठवा, रिव्हर्ब वेगळ्या फाइलमध्ये. एकदा मिसळलेला रिव्हर्ब मिक्सिंग करणाऱ्या आम्हालाही नीट काढता येत नाही.

फाइल्स 24 बिट वेव्ह, प्रोजेक्टच्याच सॅम्पल रेटला; चित्रफितीसाठी असेल तर 48 किलोहर्ट्झ. सगळ्या एकाच बिंदूपासून सुरू झालेल्या हव्यात. पीक -6 डीबीच्या आसपास, मास्टरवरचा लिमिटर (शिखरं दाबणारं साधन) काढलेला, नॉर्मलाइझ (फाइलचा आवाज आपोआप वाढवणं) बंद. शेवटचा सूर पूर्ण विरेपर्यंत एक्स्पोर्ट चालू ठेवा. तुटलेलं शेपूट ही सर्वांत जास्त दिसणारी चूक आहे. रुंद पॅड (डावी-उजवीकडे पसरलेले लांब सूर) एकदा मोनोमध्ये, म्हणजे दोन्ही बाजू एकत्र करून, ऐका. तिथे गायब झाले तर फेजचा घोळ आहे (दोन्ही बाजूंच्या लहरी एकमेकींना खोडतात), आणि फोनच्या एका स्पीकरवर श्रोत्यालाही ते ऐकू येणार नाहीत.

लाउडनेसची घाई नको. स्पॉटिफाय नेहमीच्या सेटिंगवर -14 एलयूएफएस (जाणवणाऱ्या आवाजाचं माप) धरून आवाज समान करते. -8 पर्यंत दाबलेला ट्रॅक तिथे खालीच आणला जातो, पण शांत भाग आणि ढोलाचा प्रवेश यांतला हरवलेला फरक काही परत येत नाही.

‘ट्रायबल’ नावाने विकल्या जाणाऱ्या लूपवर (पुन्हा पुन्हा वाजवायच्या तयार तुकड्यावर) अनेकदा वाद्याचं नावच नसतं. शक्य असेल तर शोधून कळवा: उडूचा (मडक्यासारख्या वाद्याचा) मातीचा पोकळ आवाज आणि जेंबे या हाताने वाजवायच्या ढोलाची कडक स्लॅप (चापट) यांना वेगवेगळी वागणूक लागते. लूपचा परवानाही सोबत जोडा. इतरांनाही विकला जाणारा लूप उघडा वाजत असेल तर तो ट्रॅक यूट्यूबच्या कंटेंट आयडीत (हक्काचं संगीत ओळखणाऱ्या यंत्रणेत) नोंदवता येत नाही. कुणा समाजाचं प्रत्यक्ष गायन-वादन ध्वनिमुद्रित करून वापरलं असेल, तर कलाकारांची लेखी परवानगी मिक्सिंग सुरू होण्याआधी हवी.