जिआन की दाओ? चिनी बादशहाच्या पहारेकऱ्याकडे नक्की कुठली तलवार असायची

चिनी सिरीयलमध्ये राजवाड्याच्या दारात उभा असलेला प्रत्येक जण तलवार घेऊन असतो आणि आपण सगळ्या तलवारी सारख्याच समजून मोकळे होतो, पण त्यात हत्यारं दोन आहेत, जिआन आणि दाओ. नेटवर कुणालाही विचारा, सरळ असते ती जिआन आणि वाकडा असतो तो दाओ, हेच उत्तर मिळतं. ते काही खरं नाही. हान राजवटीतले (इ.स.पू. 206 ते इ.स. 220) दाओ सरळसोट होते, मुठीच्या टोकाला गोल कडी असायची, बाक आला तो बऱ्याच नंतर. बघायचं ते धारेकडे. जिआन दुधारी आणि टोकदार, दाओ एकधारी आणि पाठीला जाड.

शिआनजवळ 1974 मध्ये चीनच्या पहिल्या सम्राटाच्या थडग्यापाशी पुरलेलं जे मातीच्या पुतळ्यांचं सैन्य सापडलं त्याच्यासोबत काशाच्या जिआन निघाल्या, साधारण 80 ते 95 सेंमी लांब, सडपातळ. (क्रोमच्या मुलाम्यामुळे त्या 2200 वर्षं गंजल्या नाहीत हा फॉरवर्ड अजून फिरतोच आहे, पण 2019 च्या संशोधनात ते क्रोम लाकडी भागांवरच्या लाखेतून आलेलं निघालं.)

आता एवढी लांब तलवार कमरेला म्हणजे रुबाब खरा, पण एकदा तिच्यापायी राजाचा जीव जायची वेळ आली होती. इ.स.पू. 227 मध्ये जिंग ख नावाचा मारेकरी छिन नावाच्या राज्याच्या राजाच्या अंगावर खंजीर घेऊन धावला, आणि गंमत बघा, दरबारात कुणी हत्यार आणायचं नाही हा नियम, हत्यारबंद पहारेकरी खाली उभे, हुकूम आल्याशिवाय त्यांनी वर पाऊल टाकायचं नाही, आणि राजाला त्या धांदलीत हुकूम द्यायचंच सुचेना. तो खांबाभोवती पळतोय, तलवार उपसायला बघतोय, ती लांबीमुळे म्यानातून निघेचना. शेवटी वैद्याने औषधांची पिशवी मारेकऱ्यावर फेकली, लोक ओरडले की तलवार पाठीवर घ्या, तेव्हा कुठे ती निघाली. हाच राजा पुढे चीनचा पहिला सम्राट झाला.

हान काळात घोडदळ वाढलं आणि जिआन मागे पडली. पळत्या घोड्यावरून भोसकण्यापेक्षा सपकन वार करणं सोपं, दुसरी धार तिथे काय कामाची, उलट जाड पाठीचं पातं मोडत नाही. मग जिआन उरली मानापुरती. पुढे जिन राजवटीत (इ.स. 266 ते 420) तर दरबारी लोक चक्क लाकडाची जिआन लावून यायला लागले, मोठ्या माणसाच्या मुठीला जेड, बाकीच्यांना शिंपले नाहीतर कासवाची पाठ! म्हणजे दरबारात शंभर तलवारी आणि धार एकीलाही नाही. मला तर ही आयडिया जबरी वाटते, बादशहा निवांत झोपणार.

तांग काळात (इ.स. 618 ते 907) पहारेकऱ्यांच्या हातात शोभेचासुद्धा दाओच आला, सोन्याचांदीने मढवलेला. मिंग राजवटीत बादशहाचं जिनयीवेई नावाचं खास अंगरक्षक पथक 1382 मध्ये उभं राहिलं, त्यांच्याकडेही दाओच.

छिंग काळातला, म्हणजे शेवटच्या राजवटीतला (1644 ते 1912), पहारेकरी ओळखायचा असेल तर तो दाओ कसा लटकवतो ते बघा. मूठ पुढे नसते, मागे असते. उजवा हात पाठीमागे नेऊन उपसायचा, कारण ही मंडळी मुळात तिरंदाज, घोड्यावर धनुष्य ओढताना मूठ मध्ये येऊन चालत नाही. सिरीयलवाले बऱ्याचदा इथेच गंडतात.